लग्नाचा दाखला आणि दवाखाना

अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, 22 एप्रिल 2023 रोजी, मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यात गाडासरई इथे 219 जोडप्यांचं सामूहिक लग्न ठरलं होतं. ‘मुख्यमंत्री कन्या विवाह’ योजनेतलं, म्हणजे मांडव सरकारी आणि आहेरही सरकारी. लग्नाआधी मुलींची आरोग्य तपासणी झाली. सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे का ते पाहायचं होतं, असं प्रशासनाचं म्हणणं. पण काहींची गर्भचाचणीही झाली, आणि ज्या पाच जणी गर्भवती निघाल्या त्यांची नावं यादीतून गळाली. पुढच्याच महिन्यात झाबुआ जिल्ह्यातल्या थांदल्याला याच योजनेखाली जवळजवळ तीनशे लग्नं लागली. तिथे नवऱ्यामुलींना दिलेल्या शृंगाराच्या पेट्यांत निरोध आणि गर्भनिरोधक गोळ्या निघाल्या. त्यावरही गदारोळ झाला, तेव्हा ही कुटुंबनियोजनाची जागृती आहे असा खुलासा आला. या बातम्या सुट्या वाचल्या तर एकीत सरकार खाष्ट सासूसारखं दिसतं आणि दुसरीत पुढारलेलं. शेजारी ठेवून वाचल्या की दोन्हींमागचा नियम एकच निघतो: अक्षता पडण्याआधी मुलीची झडती, अक्षता पडल्याबरोबर तिच्या हातात गोळ्यांचं पाकीट. पाळी सुरू झाल्यापासून लग्न लागेपर्यंतच्या वर्षांत तिला कुणी काही सांगितलं होतं का, हे मात्र दोन्ही गदारोळांत कुणी विचारलं नाही.

तरुणांच्या प्रजनन आरोग्याचा विषय निघाला की ‘जागृतीचा अभाव’ हे शब्द ठरल्यासारखे येतात. जणू सगळा दोष न जाणणाऱ्यांचाच. मध्य प्रदेशाच्या राजधानीतून, भोपाळमधून, पाहिलं तर हे पटत नाही. या शहरात माहिती आहे, पुस्तकं आहेत, डॉक्टर आहेत. 2012 पासून एम्स आहे, 1955 पासूनचं गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि नवाब बेगमांच्या काळापासून चालत आलेलं सुलतानिया जनाना रुग्णालय आहे. 1901 ते 1926 या काळात इथे राज्य करणाऱ्या सुलतान जहाँ बेगमांनी दायांच्या प्रशिक्षणात लक्ष घातलं होतं, आरोग्यावर आणि बालसंगोपनावर स्वतः उर्दूत पुस्तकं लिहिली होती. तेव्हा अडतं ते ज्ञानापाशी किंवा इमारतींपाशी नाही. अडतं ते दारात. तिथे आपली व्यवस्था वय विचारत नाही, लग्न झालंय का ते विचारते. आरोग्यसेवेसाठी लग्न ही पात्रतेची अट होऊन बसली आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी लिहिलेली नसल्यामुळे काढून टाकणंही कठीण झालं आहे.

एका ठिकाणी मात्र ती लिहिलेली सापडते: एएनएम आणि आशा या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांच्या नोंदवहीत. मध्य प्रदेशात तिला लक्ष्य दंपतींची पंजी म्हणतात, महाराष्ट्रात जननक्षम जोडप्यांची नोंद. पत्नीचं नाव, पतीचं नाव, वय, लग्नाच्या वेळचं वय, हयात मुलगे, हयात मुली, सर्वांत धाकट्या मुलाचं वय, सध्या कोणतं साधन वापरतात, असे तिचे रकाने. गर्भनिरोधक साधनांची मागणी, वाटप, पाठपुरावा हे सगळं या वहीच्या आधाराने चालतं. आता यात कोण बसतं ते पाहा. पत्नीचं वय पंधरा ते एकोणपन्नास असलेलं कोणतंही विवाहित जोडपं बसतं. म्हणजे कायद्याने जिचं लग्नच व्हायला नको होतं ती सोळा वर्षांची सून या वहीत रीतसर नोंदली जाते, आणि त्याच गल्लीतली बावीस वर्षांची, कॉलेजला जाणारी अविवाहित मुलगी कोणत्याच ओळीत येत नाही. आशाताई दुष्ट नसतात. त्या वही भरतात, आणि वहीत त्या मुलीसाठी जागा नाही.

आकडेवारीचंही असंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या दोन फेऱ्यांत फक्त लग्न झालेल्या बायकांना प्रश्न विचारले गेले; अविवाहित मुली 2005-06 च्या तिसऱ्या फेरीत पहिल्यांदा आल्या. आजही राज्याच्या तक्त्यात कुटुंबनियोजनाचे आकडे छापले जातात ते ‘सध्या विवाहित’ स्त्रियांचे. जिची मोजणी होत नाही तिच्यासाठी तरतूद होत नाही, हे सरकारी कामकाज जवळून पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

लग्नाची ही अट किती खोल रुजली आहे ते 2007 या एका वर्षात दिसतं. केंद्राच्या मनुष्यबळ विकास खात्याने आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने (नॅको) 2005 मध्ये शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता. त्यातली शरीररचनेची चित्रं पाहून ठिकठिकाणी आरडाओरड झाली, आणि 2007 मध्ये मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांच्या सरकारने मध्य प्रदेशात तो बंद केला. मुलांना याऐवजी योग आणि भारतीय संस्कृती शिकवा, असं त्यांचं म्हणणं होतं. महाराष्ट्राने हसायचं कारण नाही. त्याच वर्षी आपल्याकडेही बंदी आली. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं ते याच राज्यात, आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं छापल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला तेव्हा, 1934 मध्ये, त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली तीही इथेच. खटला हरले आणि कर्व्यांना दंड झाला, हे खरं. पण सात दशकांनंतर विधिमंडळात झालेली चर्चा त्या खटल्याच्या पुढे एक पाऊलही गेलेली नव्हती.

त्याच 2007 मध्ये मध्य प्रदेशात लाडली लक्ष्मी योजना सुरू झाली. मुलीचं लग्न अठराच्या आत झालं नाही, तर ती एकवीस वर्षांची झाल्यावर तिला एक लाख रुपये. योजना चांगलीच आहे. पण दोन निर्णय एकत्र ठेवले की दिसतं, लग्न कधी करायचं यासाठी सरकार पैसे द्यायला तयार होतं आणि तोवर शरीराचं काय होतं हे सांगायला तयार नव्हतं. शिवाय त्याच वर्षी सिप्ला कंपनीने ‘आय-पिल’ बाजारात आणली. तातडीच्या गर्भनिरोधक गोळ्या 2005 पासून चिठ्ठीविना मिळू लागल्या होत्याच. आता त्यांची जाहिरात घरोघरच्या टीव्हीवर दिसू लागली. वर्गातून जे बाहेर काढलं ते मालिकांच्या मध्यंतरात परत आलं, आणि तेही अर्धवट. ही गोळी 72 तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. गर्भ राहिल्यावर तिचा उपयोग नाही. ती गर्भपाताची गोळी नव्हे. लैंगिक आजारांपासून ती वाचवत नाही. नेहमीचं साधन म्हणून ती वापरायची नसते. एवढी पाच वाक्यं शिक्षकाने एका तासात सांगितली असती. तीस सेकंदांच्या जाहिरातीत ती मावत नाहीत, आणि मेडिकलच्या काउंटरवर मागे गिऱ्हाईक उभं असताना कुणी विचारत नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: सांगितलं की मुलं बिघडतात. तो टिंगल करून उडवू नये, कारण तो काळजीतून येतो. त्याला उत्तर मात्र आहे. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने 2018 मध्ये मार्गदर्शिका काढली. लैंगिकता शिक्षणामुळे मुलांमधले शरीरसंबंध वाढत नाहीत, उलट काही ठिकाणी ते उशिरा सुरू होतात आणि साधनांचा वापर वाढतो, असा तिचा निष्कर्ष. परदेशी आढावा नको असेल तर मध्य प्रदेशाचा स्वतःचा हिशेब घेऊ. 2015-16 च्या सर्वेक्षणात ज्या मुली 20 ते 24 वर्षांच्या होत्या, त्या 2007 मध्ये अकरा ते सोळा वर्षांच्या होत्या. म्हणजे ‘एवढ्यात यांना काही सांगू नका’ म्हणून ज्यांच्या पुस्तकातून धडा काढला, त्याच या मुली. त्यांच्यापैकी 32.4 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. शाळेत जो विषय काढायला या मुली लहान होत्या, संसार थाटून द्यायला त्याच मोठ्या ठरल्या. संस्कृती वाचवण्यासाठी घातलेल्या बंदीने यातली किती बालपणं वाचवली?

त्यानंतर सुधारणा झाली, हे मान्य करायला हवं. 2019-21 च्या फेरीत हे प्रमाण 23.1 टक्क्यांवर आलं. पाळीत स्वच्छ साधनं वापरणाऱ्या 15 ते 24 वयाच्या मुली 37.6 टक्क्यांवरून 60.9 टक्क्यांवर गेल्या. मग बोलण्याचा एवढा आग्रह कशाला, असं कुणी म्हणेल. उत्तर त्या आकड्यातच आहे. सॅनिटरी पॅड ही वस्तू आहे. ती वाटता येते, विकता येते, काळ्या पिशवीत घालून देता येते. त्यासाठी तोंड उघडावं लागत नाही. जिथे जिथे न बोलता भागतं तिथे तिथे आपण पुढे गेलो. अंगावरून पांढरं जातंय ते नेहमीचं की आजाराचं, पाळी दोन महिने चुकली तर काय करायचं, मुलाला लघवीच्या जागी फोड आला तर कुणाला दाखवायचं, इथे बोलावं लागतं, आणि इथेच आपण अडलेले आहोत.

न बोलण्याची किंमत काय असते याचा सर्वांत कठोर पुरावा भोपाळनेच दिला आहे, आणि तो जगासमोर आणणाऱ्यांत एक मराठी डॉक्टर होत्या. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. डोळे आणि फुप्फुसं यांची चर्चा लगेच सुरू झाली. ती व्हायलाच हवी होती. गर्भाशयाबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नव्हतं. 1985 मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सदगोपाल यांनी गॅसग्रस्त वस्त्यांतल्या बायकांची तपासणी केली. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटाचा दाह, पाळीतला अतिरिक्त रक्तस्राव, अंगावरचं दूध आटणं यांचं प्रमाण त्यांना इतकं आढळलं की ही स्त्रीरोगांची साथच आहे असं त्यांनी म्हटलं. पुढे डॉ. दया वर्मा यांच्या पाहणीत कारखान्याजवळ राहणाऱ्या आणि त्या रात्री गरोदर असलेल्या 865 बायकांपैकी 43 टक्के बायकांचं मूल जिवंत जन्मलं नसल्याचं दिसलं. आणि त्या रात्री ज्या मुली लहान होत्या, त्यांची पाळी पुढे अनियमित झाली तेव्हा घरच्यांनी ती लपवली, कारण कळलं तर लग्न जमणार नव्हतं. उपचारासाठी आधी लग्न लागतं, आणि लग्नासाठी आजार लपवावा लागतो. या कोंडीतून सुटका नाही. गॅस ही अपवादात्मक गोष्ट होती. कोंडी अपवादात्मक नव्हती.

भोपाळनंतर राणी बंग गडचिरोलीला गेल्या. तिथल्या दोन गावांतल्या 650 बायकांच्या तपासणीचा, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांसोबतचा त्यांचा निबंध जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. 92 टक्के बायकांना एक किंवा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. त्याआधी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. यात कारखाना नव्हता, वायू नव्हता. साधी खेडी होती. मुलींना हे ‘घरात आईनेच सांगावं, शाळेचं हे काम नाही’ असं म्हणणाऱ्यांनी या आकड्याकडे पाहावं. स्वतःची तपासणी जिची कधी झाली नाही आणि दुखणं हेच बाईचं नशीब असं जिला सांगितलं गेलं, ती आई मुलीला काय सांगणार? तिचा दोष नाही. पण तिच्या भरवशावर पिढी सोडून देता येणार नाही. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने पुढे तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली, ती याच अनुभवातून. भोपाळमध्ये 1982 पासून काम करणाऱ्या ‘एकलव्य’ संस्थेने अनु गुप्ता यांचं ‘बेटी करे सवाल’ काढलं, आणि मुलांसाठी ‘बेटा करे सवाल’ही. ही हिंदी पुस्तकं ज्यांनी चाळली आहेत त्यांना कळेल की पाळी, शरीर, मनाची घालमेल हे सगळं अकरा-बारा वर्षांच्या मुलांशी किती साधेपणाने, अश्लीलतेचा वारा न लागता बोलता येतं. मुलग्यांसाठी वेगळं पुस्तक निघालं हे मला फार मोलाचं वाटतं. कारण या चर्चेत मुलगा फक्त धोका म्हणून येतो. त्यालाही शंका असतात, भीती असते, आणि त्याची ती भीती भिंतीवर ‘गुप्तरोग’ लिहिणारे वैदू बरोबर ओळखतात.

कागदावर चित्र 2014 मध्ये बदललं. 7 जानेवारीला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी, लग्नाची अट न घालता, स्वतंत्र सल्ला केंद्रं. मध्य प्रदेशात त्यांचं नाव ‘उमंग’, महाराष्ट्रात ‘मैत्री’. गावपातळीवर त्याच वयाचे ‘साथिया’. कल्पना उत्तम आहे. पण केंद्र असतं सरकारी दवाखान्यात, चालतं दवाखान्याच्या वेळेत, म्हणजे शाळा-कॉलेजच्याच वेळेत, आणि खिडकीवर केसपेपर काढताना नाव, पत्ता, तक्रार मागे रांगेत उभ्या असलेल्या मावशींना ऐकू जाते. भोपाळच्या एमपी नगरात स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांसाठी राज्यभरातून मुलं येतात. बैतूल, छिंदवाडा, बालाघाट, बऱ्हाणपूर या मराठीही बोलल्या जाणाऱ्या भागांतूनही येतात. यातले बरेच एकोणिसाच्या पुढचे. म्हणजे किशोर कार्यक्रमाची वयोमर्यादा त्यांनी ओलांडली आणि जोडप्यांच्या वहीत ते अजून आले नाहीत. घरापासून दूर, खोली करून राहणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या या वर्गासाठी प्रजनन आरोग्याच्या सरकारी योजनेत जागाच ठेवलेली नाही, आणि लग्नाचं वय जसजसं पुढे जातंय तसतसा हा वर्ग वाढतोय.

सर्वांत गंभीर आक्षेप कायद्याचा आहे. नोव्हेंबर 2012 पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठराच्या आतली व्यक्ती मूल आहे, तिची संमती मानली जात नाही, आणि गुन्हा कळूनही न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. मग अशी मुलगी आली तर डॉक्टरने सल्ला द्यायचा की पोलिसांना फोन करायचा? मुलांवरचे अत्याचार बहुतेकदा ओळखीच्या माणसांकडून होतात. त्यासाठी हा कायदा हवाच, तो सैल करा असं मी म्हणणार नाही. 2023 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने संमतीचं वय सोळा करण्याचा विचार व्हावा असं सुचवलं आणि त्याच वर्षी विधी आयोगाने त्याविरुद्ध मत दिलं, त्या वादाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. दवाखान्यापुरतं उत्तर मात्र आलेलं आहे. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. याच निकालाने 20 ते 24 आठवड्यांच्या गर्भपाताच्या तरतुदीत अविवाहित स्त्रियांनाही विवाहितांच्या बरोबरीने आणलं. त्याआधी 2021 च्या दुरुस्तीने गर्भपाताच्या कायद्यात साधन फसल्याच्या कारणापुढचे ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द काढून ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे घातले होतेच. सप्टेंबर 2024 मध्ये तर न्यायालयाने शाळांतल्या लैंगिकता शिक्षणाबद्दलचे गैरसमज दूर करायला सांगितलं. थोडक्यात, न्यायालयं लग्नाची अट काढत चालली आहेत आणि खिडकीवरचा कारकून अजून पतीचं नाव विचारतो आहे.

पैसा मर्यादित आहे, आधी बाळंतपणात मरणाऱ्या बायका वाचवा, असंही म्हटलं जातं. 2018-20 मध्ये मध्य प्रदेशात दर लाख जिवंत जन्मांमागे 173 माता दगावल्या. देशातलं प्रमाण 97 होतं. पण ही दोन कामं वेगळी कधी होती? कोवळ्या वयातलं गरोदरपण, अंगात रक्त नसणं, चोरून केलेले गर्भपात, हे सगळं आधीच्या वर्षांतच साठत येतं. राज्यातल्या निम्म्याहून अधिक किशोरवयीन मुलींना रक्तक्षय आहे. प्रसूतिगृहात पोचलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला वाचवण्यासाठी जो खर्च होतो, त्याच्या तुलनेत तिच्या बाराव्या वर्षी घेतलेला एक तास आणि पंधराव्या वर्षी दिलेल्या लोहाच्या गोळ्या फार स्वस्त पडतात.

करायला हव्या त्या गोष्टी मोठ्या नाहीत. नोंदवहीत जोडप्यांच्या यादीशेजारी व्यक्तींची यादी असू शकते. ‘उमंग’ संध्याकाळी दोन तास उघडं राहू शकतं, एमपी नगरासारख्या भागात त्याची शाखा निघू शकते, आणि वयोमर्यादा चोवीसपर्यंत नेता येते. केसपेपरवरचा पतीच्या नावाचा रकाना ऐच्छिक करायला अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं. वय अठरा पूर्ण असलेल्या स्त्रीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची लेखी संमती लागते. नवऱ्याची, आईवडिलांची किंवा मित्राची नाही. अठराच्या आत असेल तर पालकाची लेखी संमती लागते. गर्भपात करून घेणाऱ्या कोणत्याही स्त्रीचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे आणि ते फोडलं तर शिक्षा आहे. गर्भपाताच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून घ्यायच्या नसतात, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. ‘उमंग’ किंवा ‘मैत्री’ केंद्र साधारणपणे जिल्हा रुग्णालयात असतं, आणि तिथे मुलग्यांनीही जायचं असतं. तुमच्या घरात किंवा शेजारी या वयाचं कुणी असेल तर ही माहिती त्यांना आत्ताच द्या. लग्न ठरेपर्यंत थांबू नका.